पपईच्या चिकापासून इन्सुलिनपर्यंत

इंदिरानगर म्हटलं की क्रिकेटवेड्या मराठी माणसाला हल्ली एकच गोष्ट आठवते. २०२१ साली एका जाहिरातीत राहुल द्रविडसारखा शांत, सोज्ज्वळ गृहस्थ बंगळुरूच्या वाहतूक कोंडीत गाडीच्या छतातून बाहेर आला आणि आपण इंदिरानगरचे गुंड असल्याची आरोळी त्याने ठोकली. सारा देश पोट धरून हसला!

पण इथल्या जुन्या रहिवाशांना पत्ता विचारून पाहा. त्यांच्या तोंडी आजही 'एचएएल सेकंड स्टेज' येतं. कारण जवळच आहे विमानांचा कारखाना. त्या कारखान्याच्या आणि त्याच्या धावपट्टीच्या आसऱ्याने हा सगळा परिसर वाढला. शंभर फुटी रस्त्यावरचे टुमदार बंगले आता दुकानं आणि हॉटेलं झाले आहेत. काही हॉटेलांत तर काचेमागे चकचकीत टाक्या दिसतात आणि त्यांत तिथल्या तिथे बिअर आंबत असते.

अशाच एका आतल्या गल्लीत, दोन नारळांच्या मधल्या घरात एक मराठी कुटुंब राहतं. कुटुंबातले आजोबा पंच्याऐंशीचे. कागलजवळच्या खेड्यातून १९६० साली ते विमान कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून आले आणि कन्नड शिकून इथलेच झाले. मुलगा बँकेत. सूनबाई निपाणीच्या. आणि आजोबांची लाडकी नात, नुकतीच जैवतंत्रज्ञानात एम.टेक. झालेली.

गेल्या वर्षी या घरात आठवडाभर जेवणं धड झाली नाहीत. कारण नातीच्या हाती एकाच वेळी नोकरीची दोन पत्रं पडली होती. एक सॉफ्टवेअर कंपनीचं. घरापासून जवळ, थंडगार ऑफिस, पगार घसघशीत. दुसरं होसूर रोडवरच्या औषधं बनवणाऱ्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीचं. किण्वन विभागात प्रशिक्षणार्थी, तीन पाळ्यांचं काम आणि पगार पहिल्यापेक्षा जवळजवळ निम्मा.

पोरीला दुसरं हवं होतं!

"सहा वर्षं शिकून टाक्या धुवायच्या?" सूनबाईंनी पोळी लाटता लाटता विचारलं. "तू कॉलेजात गेलीस तेव्हापासून ऐकतेय, बायोटेक म्हणजे उद्याचं क्षेत्र. तो उद्या उजाडणार तरी कधी?"

प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता. मुलाबाळांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतलेल्या कोणत्याही आईच्या मनात तो येईल. नातीने उत्तर दिलं नाही. उठली, फ्रिज उघडला आणि दारातली आजोबांची इन्सुलिनची कुपी टेबलावर आणून ठेवली.

"आई, हे कुठून येतं असं वाटतं तुला?"

झालं! त्या रात्री जेवणं राहिली बाजूला आणि टेबलावर एक गोष्ट सुरू झाली. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या बंगळुरूच्या प्रत्येक मुलाला ती ठाऊक असते.

गोष्ट सुरू होते बिअरपासून. किरण मजुमदार ही बंगळुरूतच जन्मलेली गुजराती मुलगी. वडील युनायटेड ब्रुअरीजमध्ये मुख्य ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांचे प्रमुख. तिला व्हायचं होतं डॉक्टर, पण वैद्यकीय प्रवेश हुकला. वडिलांनी सुचवलं, आंबवण्याचं शास्त्र शीक. ती ऑस्ट्रेलियात बॅलराटला गेली. वर्गात एकटी मुलगी! १९७५ मध्ये ब्रूमास्टर होऊन परत आली, तर इथे दारोदार एकच उत्तर: हे बायकांचं काम नाही. शेवटी ती नोकरीसाठी स्कॉटलंडला निघाली होती. इतक्यात आयर्लंडमधल्या कॉर्कच्या लेस्ली ऑकिनक्लॉस या उद्योजकाची गाठ पडली. त्याला भारतात एन्झाइम बनवणारी भागीदार हवी होती.

एन्झाइम म्हणजे सजीवांच्या पेशीत तयार होणारी, रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारी प्रथिनं. आपल्या लाळेत असतात, पोटात असतात, कच्च्या पपईच्या चिकातही असतात. म्हणून तर मटण लवकर शिजावं यासाठी त्याला कच्ची पपई लावतात.

नोव्हेंबर १९७८ मध्ये बायोकॉन इंडिया सुरू झाली. भांडवल दहा हजार रुपये. जागा, इंदिरानगरहून काही किलोमीटरवरच्या कोरमंगलातल्या भाड्याच्या घराचं गॅरेज. त्या वेळच्या कायद्याने परदेशी भागीदाराला ३० टक्केच हिस्सा ठेवता येत होता, म्हणून ७० टक्के किरण यांच्याकडे. पंचविशीतली मुलगी, कुणी नाव न ऐकलेला धंदा. बँका कर्ज द्यायला तयार होईनात आणि माणसं नोकरीला यायला!

आणि माल काय? दोनच जिन्नस. एक पपईच्या चिकातून काढलेलं पपेन. दुसरं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून मिळणारं आयसिंग्लास. दोन्हींचा उपयोग एकच, बिअर नितळ ठेवणं. ब्रूमास्टर व्हायचं होतं, ते जमलं नाही, तर बिअरवाल्यांना माल पुरवायचा! वर्षभरात हा माल अमेरिका-युरोपला जाऊ लागला.

"पपईचा चीक वाळवण्यात कसलं आलंय तंत्रज्ञान?" सूनबाईंनी विचारलं.

गंमत इथेच आहे. त्याच १९७८ साली कॅलिफोर्नियात जेनेन्टेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचं जनुक जीवाणूत घालून इन्सुलिन तयार करून दाखवलं. तोवर इन्सुलिन मिळायचं ते डुकरा-गायींच्या स्वादुपिंडातून. तिकडे जनुकं जोडली जात होती आणि इकडे बंगळुरूत पपईचा चीक वाळत होता. हे अंतर कापायला बायोकॉनला २६ वर्षं लागली. पण ते उडी मारून कापलं नाही. पायरी पायरीने कापलं.

पहिली पायरी होती शुद्धता. चीक पपईचा असला तरी परदेशी गिऱ्हाइकाला प्रत्येक खेपेला अगदी त्याच ताकदीचा माल लागतो. ते मोजायला शिकावं लागलं. दुसरी पायरी, झाडाकडून सूक्ष्मजीवाकडे. बुरशी वाढवून तिच्याकडून एन्झाइम करून घ्यायचं. १९८७ मध्ये आयसीआयसीआयच्या नारायणन वाघुल यांनी साहसवित्त उभं करून दिलं आणि स्वतःचं संशोधन प्रत्यक्ष उत्पादनात उतरवण्याची सोय झाली. १९८९ मध्ये आयर्लंडची मूळ कंपनी युनिलिव्हरने घेतली. १९९४ मध्ये इतरांसाठी संशोधन करून देणारी सिंजीन निघाली. १९९८ मध्ये परदेशी हिस्सा परत विकत घेतला गेला आणि कंपनी पुरती स्वतःची झाली.

मग औषधं. बुरशीपासून मिळणाऱ्या लोवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाला २००१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. आणि २००४ मध्ये आलं 'इन्सुजेन' हे मानवी इन्सुलिन. ते तयार करायला वापरला तो 'पिचिया' नावाचा यीस्ट. यीस्ट! ब्रूमास्टरचा जुना सोबती!

इन्सुलिनमध्ये हे काही देशात सर्वांत पहिले नव्हते. मुंबईच्या वोक्हार्टने २००३ मध्येच आपलं इन्सुलिन बाजारात आणलं होतं. पण पपईच्या चिकापासून निघून इथवर पोहोचलेली दुसरी कंपनी दाखवणं अवघड आहे.

आजोबा आतापर्यंत गप्प होते. एकदम म्हणाले, "आमचंबी एक 'किरण' होतं!"

टेबलाभोवतीचे चेहरे चमकले. 'किरण' हे एचएएलचं प्रशिक्षण विमान. १९६४ साली ते पहिल्यांदा उडालं. मग आजोबांचा बांध फुटला. एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण कारखान्याचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही.

हा कारखाना काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत. माळरानावर. विमान बांधलेला एक माणूस हाताशी नव्हता. १९४१ मध्ये अमेरिकेहून आलेले भाग जोडून पहिलं हार्लो विमान उडवलं. मग महायुद्धात सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि काम उरलं ते दुरुस्तीचं. अमेरिकी हवाई दलाची मोडकी विमानं यायची. ती खोलायची, धुवायची, मोडलेलं बदलायचं, पुन्हा जोडायची. कुणाला वाटेल, हमालीच. पण ती खोलता खोलता माणसांना विमानाची नस कळली.

आणि मग आले डॉ. विष्णू माधव घाटगे. मूळचे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली 'एचटी-२' या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाचा आराखडा तयार झाला आणि १९५१ मध्ये ते उडालं. जोडणीपासून स्वतःच्या आराखड्यापर्यंत अवघी दहा वर्षं! आजोबा कारखान्यात आले तेव्हा घाटगेसाहेब लांबून दिसायचे. "कोल्हापूरकडचा साहेब म्हणून आमची छाती फुगायची," आजोबा म्हणाले.

१९६१ मध्ये जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली 'मरुत' हे लढाऊ विमान उडालं, तेव्हा आजोबांच्या नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. सगळा कारखाना बाहेर येऊन आभाळाकडे पाहत होता.

"मग पुढं काय झालं, आजोबा?" नातीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

"इंजन आपलं नव्हतं, पोरी."

मरुतचा सांगाडा उत्तम होता. तो आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखला होता. पण त्याला हवं होतं ते ताकदवान इंजिन ब्रिटनमध्येच तयार व्हायचं राहिलं. कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं. १९७१ च्या युद्धात मरुतने कामगिरी बजावली, पण मूळ स्वप्नातला वेग काही त्याला गाठता आला नाही. त्याहून वाईट म्हणजे मरुतच्या मागोमाग नव्या आराखड्याचं दुसरं लढाऊ विमान प्रत्यक्षात उतरलं नाही. पुढचं देशी लढाऊ विमान 'तेजस', ते उडालं २००१ मध्ये. मध्ये गेली चाळीस वर्षं!

"मरुतवर हात बसलेले आमचे फोरमन एकेक करून रिटायर झाले," आजोबा सांगत होते. "पत्रा कुठं वाकवला की कुठं चिरतो, हे त्यांच्या बोटाला कळायचं. कागदावर नव्हतं ते. नवी पोरं त्यांच्या हाताखाली आलीच नाहीत. मग ते कसब त्यांच्याबरोबरच गेलं. आराखडे कपाटात ऱ्हातात बाळ, कसब न्हाई ऱ्हात."

घरात कुणी काही बोललं नाही. आजोबांनी हे याआधी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचा फोटो हॉलमध्ये आहे. गळ्यात हार आहे, चेहऱ्यावर हसू आहे. त्या हसण्यामागे हे दुखणं असेल, याची मुलालाही कल्पना नव्हती.

कंपन्या कशा मोठ्या होतात, याची उत्तरं आपण भांडवलात, यंत्रांत, सरकारी धोरणांत शोधतो. ती सगळी लागतातच. कर्नाटक सरकारने २००१ मध्ये जैवतंत्रज्ञानासाठी वेगळं धोरण आणलं, त्याचा उपयोग झालाच. पण यंत्र पैसे टाकून आणता येतं. ते चालवणारा हात मात्र कामावरच तयार होतो. विरजणासारखं आहे हे. रोज थोडं बाजूला काढून पुन्हा लावलं, तर वर्षानुवर्षं चालतं. मध्ये चार दिवस खंड पडला की शेजारणीच्या दारात वाटी घेऊन जावं लागतं!

बायोकॉनने हा खंड पडू दिला नाही. २००७ मध्ये तर त्यांनी ज्यावर कंपनी उभी राहिली तो एन्झाइमचा धंदाच डेन्मार्कच्या नोवोझाइम्सला विकून टाकला. वरवर पाहिलं तर हे घरातली जुनी गाय विकण्यासारखंच. पण टाकीत सजीव वाढवून त्याच्याकडून हवं ते प्रथिन करून घेण्याचं मुख्य कसब घरातच राहिलं. ते इन्सुलिनला आणि कर्करोगावरच्या प्रतिपिंड औषधांना कामी आलं. सगळेच डाव जिंकले असंही नाही. तोंडाने घ्यायच्या इन्सुलिनची चाचणी २०११ मध्ये फसली. फायझरबरोबरचा मोठा करार २०१२ मध्ये मोडला. तरी काम थांबलं नाही. २०१७ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅबला भागीदार कंपनीसोबत अमेरिकेची मान्यता मिळाली. आणि २०२१ मध्ये त्यांचं ग्लार्जिन इन्सुलिन अमेरिकेत मूळ औषधाऐवजी औषधविक्रेत्याने थेट देता येईल असं पहिलं इन्सुलिन ठरलं.

आणि हे काही बंगळुरूच्या हवेचं वैशिष्ट्य नव्हे. आपल्या पुण्याकडे बघा. १८९६ च्या प्लेगनंतर हाफकिन यांनी मुंबईत लस शोधली. १८९९ मध्ये परळला त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली, तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट. धनुर्वातावरची प्रतिविषं घोड्यांच्या रक्तापासून बनायची आणि पूनावालांच्या स्टड फार्ममधले निवृत्त घोडे हाफकिनला जायचे. घोडे आपले, तर औषधही आपणच का बनवू नये, असा विचार सायरस पूनावालांच्या मनात आला आणि १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सरकारी संस्थेत तयार झालेलं ज्ञान असं शेजारी झिरपतं. पिंपरीला १९५५ पासून पेनिसिलिनच्या टाक्या चालत होत्या. बंगळुरूत १९०९ पासून टाटांची विज्ञान संस्था होती. अशा मुरलेल्या जमिनीतच पुढची रोपं तरारतात.

"पण टाकी धुण्याचं काय?" सूनबाई मूळ मुद्द्यावर आल्या. आईच ती!

मग नातीने आईच्याच भाषेत सांगितलं. घरी चार वाट्या रव्याचा शिरा कुणालाही जमतो. तोच लग्नात चारशे माणसांसाठी करायचा तर नुसतं सगळं शंभरपट घेऊन चालत नाही. खाली लागतो, मध्ये कच्चा राहतो. म्हणून तर आचारी लागतो. टाकीचंही तसंच. प्रयोगशाळेतल्या लहानशा भांड्यात यीस्ट आनंदाने वाढतो. हजारो लिटरच्या टाकीत त्याला सगळीकडे सारखी हवा पोहोचत नाही, त्याच्या स्वतःच्या उष्णतेनेच तो हैराण होतो. आणि टाकीच्या एखाद्या सांध्यात, झडपेच्या फटीत एक परका जंतू राहिला, तर दोन दिवसांत सगळी टाकी त्याचीच. लाखोंचा माल गटारात! म्हणून पहिलं शिक्षण टाकी धुण्याचं. आणि धुतली की लिहायचं. केव्हा धुतली, कशाने धुतली, किती अंश गरम पाण्याने, कुणी तपासली.

"जे लिहिलं नाही ते केलंच नाही," नात म्हणाली.

आजोबांनी टेबलावर थाप मारली. "हे आमचं वाक्य हाय! आमच्या शॉपमधी पाटी होती." बोल्ट किती ताकदीने आवळला, हे कार्डावर लिहून तपासनिसाचा शिक्का उमटल्याशिवाय विमान हलत नसे. कारखाना विमानाचा असो की औषधाचा, चूक झाली तर किंमत परक्या माणसाच्या जिवाने मोजायची असते.

सूनबाई उठल्या. टेबलावर राहिलेली इन्सुलिनची कुपी त्यांनी फ्रिजमध्ये नीट ठेवली. त्यांचं समाधान झालं होतं का? पूर्ण नाही. पगाराचा आकडा गोष्टी सांगून वाढत नाही आणि धाकट्याचं इंजिनिअरिंग अजून व्हायचं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं. दोन वर्षांनी पुन्हा बोलू."

नात रुजू झाली. पहिले तीन दिवस नुसती कार्यपद्धतीची पुस्तकं वाचायला लावली. चौथ्या दिवशी निळा अंगरखा, डोक्यावर टोपी आणि हातात झडपेची रबरी चकती. ती कशी काढायची, कशी घासायची, भिंगातून चीर कशी शोधायची. संध्याकाळी कंपनीची बस सिल्क बोर्डच्या कोंडीतून रखडत आली, तेव्हा पोरगी थकून गेली होती. आजोबा फाटकाशीच उभे.

"कोण शिकवतंय?" त्यांचा पहिला प्रश्न.

"एक ऑपरेटर आहेत. निवृत्तीला आलेत. पूर्वी एन्झाइमच्या कारखान्यात होते म्हणे. टाकीच्या नुसत्या आवाजावरून सांगतात, आत काय चाललंय ते."

"त्यांच्या मागं मागं ऱ्हा," आजोबा म्हणाले. "ते रिटायर व्हायच्या आत सगळं काढून घे."

डिसेंबरात बंगळुरूत कडाक्याची थंडी पडली. इडलीचं पीठ काही फुगेना. नातीने ऐटीत आईला सांगितलं, "अगं, तापमान कमी पडतंय. भांडं उबेत ठेव."

"ते तुझ्या जन्माच्या आधीपासून माहितेय मला," सूनबाई म्हणाल्या. "त्याला एम.टेक. लागत नाही!"

पण त्या रात्री झोपण्यापूर्वी त्यांनीच घड्याळात साडेचारचा गजर लावला. सकाळी लेकीची पहिली पाळी होती आणि डब्याला पोळ्या करायच्या होत्या.